एक रस्ता, दोन अंमल

माळव्याच्या पठारावर, आग्रा-मुंबई हमरस्त्याच्या काठी आणि देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या देवास शहरातला मुख्य रस्ता एके काळी नुसता रहदारीचा मार्ग नव्हता, तर दोन राज्यांची सरहद्द होता. रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या शाखेचा, अंमल, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचा; एका बाजूच्या पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्था एका दरबाराकडे, समोरच्या बाजूची दुसऱ्याकडे; आणि या दोन्ही दरबारांचे अधिपती एकाच पवार कुळातले, दोन सख्ख्या भावांचे वंशज. जिथे घराणे एक, भाषा एक, कुलदैवत एक, आणि मध्ये नदी किंवा डोंगरही आडवा आलेला नाही, तिथे केवळ हुकूम देणारे दोन झाल्यामुळे एका गावात दोन मुलूख उभे राहिले. एकाच कचेरीतले, एकाच राउटरला जोडलेले दोन संगणक एकमेकांशी का बोलत नाहीत, याचा तपास करणाऱ्या माणसाने देवासचा हा इतिहास अवश्य वाचावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण अडलेली वाट कोणी अडवली, कोणत्या आज्ञेने अडवली आणि ती मोकळी करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तिन्ही प्रश्न धार आणि देवास या दोन संस्थानांच्या भूमीवर शतकानुशतके विचारले गेले आहेत.

पवारांच्या माळव्यातल्या आगमनाची हकीकत मराठी वाचकाला परकी नाही. थोरल्या बाजीरावांच्या काळात मराठ्यांची घोडी नर्मदेपार झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर उदाजी आणि आनंदराव पवार होते, आणि त्याच घराण्यातले तुकोजी व जिवाजी हे दोन भाऊही होते. पहिल्या शाखेकडे धार आले. परमार भोजाची ही राजधानी. आणि पवार आपले कुळ याच परमारांशी जोडीत असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने ती केवळ जहागीर नव्हती, तर वाडवडिलांच्या घरी परतणे होते. १७२८ साली माळव्यात आलेल्या तुकोजी-जिवाजींकडे देवास, सारंगपूर, आलोट हा प्रदेश आला. धारेस एक गादी राहिली. देवासात मात्र भावांनी वाटणी न करता उत्पन्न समाईक ठेवले, आणि त्या समाईकपणातूनच पुढचा सारा गुंता जन्मास आला. १२ डिसेंबर १८१८ रोजी इंग्रजांशी जो तहनामा झाला तो दोन्ही राजांनी मिळून केला. धारचा तह त्यानंतर महिन्याभरात, जानेवारी १८१९ मध्ये झाला. पुढे १८४१ नंतर देवासच्या दोन्ही पात्या आपापला कारभार स्वतंत्र राज्यांप्रमाणे पाहू लागल्या, परंतु जमीन काही कात्रीने कापल्यासारखी सरळ विभागली गेली नाही. एका पातीचे गाव दुसरीच्या गावांत अडकलेले, एकीचे शेत दुसरीच्या शिवेला लागून, आणि राजधानी तर एकच. विसाव्या शतकाच्या आरंभी थोरल्या पातीचे क्षेत्रफळ ४४६ चौरस मैल होते आणि धाकटीचे ४४०. १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या अनुक्रमे ६२,३१२ आणि ५४,९०४. दोघांना तोफांची सलामी सारखीच, पंधराची. १८८८ साली तांब्याची नाणी पाडली गेली तीही दोन्ही पात्यांची वेगवेगळी.

ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२ च्या अखेरीस देवासला प्रथम आला, आणि १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने तिथे राहिला. त्याने घरी लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात या द्विदल राजधानीचे वर्णन येते: दोन वाडे, दोन दरबार, दोन फौजा, पाण्याच्या दोन व्यवस्था. परदेशी वाचकाला त्यात गंमत वाटली असेल. मला त्यात रयतेची ओढाताण दिसते. रस्त्याच्या डाव्या हाताला घर आणि उजव्या हाताला दुकान असलेल्या माणसाला एका दिवसात दोन राज्यांचे कायदे पाळावे लागत असणार; त्याची तक्रार कोणत्या कचेरीने ऐकायची हे ठरण्यापूर्वी ती घटना रस्त्याच्या कोणत्या कडेला घडली हे ठरावे लागत असणार. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. प्रत्येक दरबार आपल्या हद्दीत नियमानेच वागत होता, आणि तरीही वाट अडत होती.

देवासची ही स्थिती टोकाची असली, तरी माळव्यात ती अपवादात्मक नव्हती. शिंदे, होळकर, पवार, भोपाळ, जावरा, रतलाम अशा लहानमोठ्या राज्यांचे आणि त्यांच्या पोटातल्या ठाकुरांच्या जहागिरींचे मुलूख या प्रदेशात एकमेकांत असे काही गुंतलेले होते, की बैलांचा तांडा घेऊन निघालेल्या वंजाऱ्याला थोड्याथोड्या कोसांवर नवा धनी भेटे आणि प्रत्येक धन्याचा नाका वेगळा असे. राहदारी, म्हणजे वाटेवरची जकात, घेण्याचा हक्क हा राज्यसत्तेचा एक अलंकारच समजला जाई. सायर महालाचे, म्हणजे जकातीचे, उत्पन्न जमाबंदीत स्वतंत्र लिहिले जाई. नाक्यावरचा कारकून माणसाचे तोंड पाहत नसे, कागद पाहत असे. माल कोठून आला, कोठे जाणार, काय आहे, कोणाच्या नावाचा आहे आणि कोणाच्या परवान्याने निघाला आहे, एवढ्या गोष्टी त्याला दस्तकात सापडल्या आणि त्याच्या जवळच्या ताकिदींशी जुळल्या, तर दोर खाली पडे; न जुळल्या, तर तांडा तिथेच उतरे. मालाच्या गोणी उसवून आत काय आहे ते पाहणे हे निराळे आणि वेळखाऊ काम होते. सामान्य व्यवहार कागदावरच उरके.

संगणकाच्या दारातली फायरवॉल नेमके हेच करते. जाळ्यातून धावणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्याच्या माथ्यावर ते कोठून निघाले, कोठे जाणार, कोणत्या पद्धतीने जाणार आणि कोणत्या पोर्टवर, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या दारावर, थाप मारणार हे लिहिलेले असते. धारिका, म्हणजे फाइल, वाटून घेण्यासाठी विंडोजच्या जगात ४४५ हे दार ठरलेले आहे, दुरून संगणक चालविण्यासाठी ३३८९, लिनक्सच्या यंत्रावर दुरून काम करण्यासाठी २२. फायरवॉल या चार-पाच गोष्टी वाचते आणि आपल्या नियमांच्या यादीशी ताडून पाहते. तिच्याजवळ एक आणखी शहाणपण असते: आतून बाहेर गेलेल्या विनंतीची ती नोंद ठेवते आणि तिचे उत्तर परत आले की त्याला नव्याने परवाना मागत नाही. यामुळेच असे घडते की एका संगणकावरून दुसऱ्यावर जाता येते, पण दुसऱ्यावरून पहिल्यावर येता येत नाही; आणि ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही तो वाट चालू आहे की बंद आहे यावरच दिवसभर वाद घालत बसतो. वाटेला नेहमी दिशा असते, आणि तपासात ती आधी विचारावी लागते.

नाक्यांच्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण अफूचे आहे. माळव्याची अफू ही या भागातल्या संस्थानांच्या, धार-देवासच्यासुद्धा, संपत्तीचा एक मोठा आधार होती. आणि बंगालमधल्या आपल्या मक्तेदारीला तिच्यामुळे धक्का बसतो म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला ती नको होती. कंपनीने प्रथम मनाईचा मार्ग धरला. संस्थानिकांशी करार करून लागवड व वाहतूक आवळली, काही वर्षे स्वतःच खरेदी करून पाहिली. परिणाम असा झाला, की मुंबईची सरळ वाट बंद होताच अफू मारवाडात पालीला, तिथून जैसलमेरच्या वाळवंटातून कराचीला, आणि कराचीहून समुद्रमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला जाऊ लागली. शेकडो कोसांचा वळसा, उंटांचे भाडे, वाटेतल्या सर्व सत्ताधीशांची दस्तुरी, एवढे सोसूनही तो धंदा परवडत होता. अखेर १८३१ साली कंपनीने मनाई सोडली आणि परवान्याची पद्धत आणली: पेटीमागे १७५ रुपये भरा आणि सरळ मुंबईला न्या. तरीही वळशाची वाट मोडेना, म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आणला. मग १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीची वाट आपोआप मिटली, आणि त्याच वर्षी दर २०० झाला, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००. अफूच्या व्यापाराने चीनमध्ये जे केले त्याचे समर्थन कोणी करणार नाही, आणि मीही करीत नाही. पण नाक्याचे शास्त्र म्हणून हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. ज्या वाटेची लोकांना खरी गरज आहे ती सरसकट बंद केली, तर वाहतूक थांबत नाही, ती नजरेआड जाते. कचेरीतल्या दोन टेबलांमध्ये धारिका जाईनाशी झाली की लोक ती आपल्या खासगी टपालाने स्वतःलाच पाठवतात, पेन ड्राइव्हवर घालून खिशातून नेतात, आणि ज्या सुरक्षिततेसाठी नाका बसवला होता ती नाक्यामुळेच नाहीशी होते.

इंग्रजांच्या स्वतःच्या मुलखात अंतर्गत जकातीचे नाके बंगालमध्ये १८३६ साली उठवले गेले, परंतु मिठासाठी त्यांनी जी सरहद्द उभारली ती सगळ्यांहून अद्भुत होती. १८६९ च्या सुमारास सिंधूपासून महानदीपर्यंत जवळजवळ २,३०० मैल पसरलेली ही जकातीची रेषा, लांब अंतरापर्यंत काटेरी झुडपांच्या जिवंत कुंपणाने बांधलेली, सुमारे १२,००० माणसांच्या पहाऱ्यात होती. १८७९ साली ती सोडून देण्यात आली. साम्राज्याची प्रवृत्ती अशी, की आतले लहान नाके मोडावेत आणि एकच मोठी सीमा बळकट करावी.

संगणकांच्या जगात इतिहास उलट दिशेने चालला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म नावाचा स्वतःच पसरत जाणारा प्रोग्राम इंटरनेटवर सुटला आणि विद्यापीठांची हजारो यंत्रे त्याने जाम करून टाकली. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनी पुडक्यांची छाननी करणाऱ्या यंत्रणेची मांडणी केली होती. त्या काळची कल्पना तटबंदीच्या शहराची होती: वेशीवर एक भक्कम दरवाजा, आणि आत सगळे आपलेच. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने ती कल्पना मोडीत काढली, कारण कोणीतरी घरी नेलेला संगणक वेशीच्या आत परत आणला की रोग आतच पसरत होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर फायरवॉल प्रत्येक यंत्रावर आपोआप चालू होऊन आली. वेशीवरचा नाका घरोघरी गेला. आज एका खोलीतल्या दहा संगणकांत दहा स्वतंत्र दरबार बसलेले असतात, आणि त्यांतले काही विंडोजचे, काही लिनक्सचे असले म्हणजे माळव्याचा जुना नकाशाच डोळ्यांसमोर उभा राहतो.

धारेकडे वळल्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. जुन्या धारेभोवती मातीचे प्रचंड तट आणि खंदक होते, त्यांचे अवशेष पश्चिम व दक्षिण दिशांना अजून दिसतात; शिवाय लाल दगडाचा किल्ला वेगळाच, ज्यात १७७५ च्या जानेवारीत, रघुनाथराव परागंदा असताना, आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला. १८५७ साली अल्पवयीन राजाच्या कारकिर्दीत भाडोत्री शिबंदीने हा किल्ला ताब्यात घेतला, ऑक्टोबरात इंग्रजांनी वेढा घालून तोफा डागल्या, तटाला खिंडार पडले. पण फौज आत शिरली तेव्हा आत कोणी नव्हते, शिबंदी रात्रीतच निसटली होती. संस्थान जप्त झाले आणि १८६० साली बैरसिया परगणा वगळून परत मिळाले. सारी नजर आत येण्याच्या वाटेवर आणि बाहेर जाणाऱ्यावर कोणाचेच लक्ष नाही, हा दोष फायरवॉलच्या सर्वसाधारण मांडणीत आजही आहे. घरगुती यंत्रावरची फायरवॉल येणाऱ्याला अडवते, जाणाऱ्याला सहसा विचारीत नाही.

याच धारेत, भोजशाळेच्या इमारतीतल्या खांबांवर, सर्पाकृती वेटोळ्यांत कोरलेली वर्णमाला आणि धातूंचे प्रत्यय आहेत. काशिनाथ कृष्ण लेले यांच्यासारख्या धारच्या विद्वानांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या शिलालेखांकडे जगाचे लक्ष वेधले. व्याकरणाचे नियम दगडावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे कोरून ठेवावेत, ही कल्पनाच मला थोर वाटते; आणि संस्कृत वैयाकरणांनी नियमांविषयी जो विचार केला तो नाक्याच्या कारकुनालाही उपयोगी पडावा असा आहे. सामान्य नियम तो उत्सर्ग, त्याला छेद देणारा तो अपवाद, आणि दोन नियम एकाच ठिकाणी लागू होऊ लागले तर कोणता बलवान, हा शास्त्राचा गाभा. मिश्र जाळ्यातली पुष्कळ भांडणे इथेच उगम पावतात. लिनक्सवर नियमांची यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम प्रथम जुळेल तो निर्णय देतो. म्हणून वर एखादा व्यापक मनाईचा नियम बसला असेल तर खाली लिहिलेली परवानगी कधीच वाचली जात नाही. विंडोजवर क्रमाला महत्त्व नाही. तिथे स्पष्ट मनाई असली की ती परवानगीपेक्षा साधारणतः बलवान ठरते, मग परवानगी कितीही आवर्जून दिलेली असो. एका यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेला माणूस दुसऱ्यावर गेला की तिथले व्याकरण आपलेच आहे असे समजून नियम लिहितो, आणि वाट अडते.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. देवासच्या औद्योगिक वसाहतीतला एक लहान कारखाना. तीन खोल्यांची कचेरी. हिशेबाचा संगणक विंडोजचा, नकाशे आणि आराखडे ठेवणारे यंत्र लिनक्सचे, त्यावर सांबा चालते, म्हणजे विंडोजला त्याचे फोल्डर आपल्या फोल्डरसारखे दिसते. उलट बाजूने, हिशेबाच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर लिनक्सवाले वापरीत. पावसाळ्यात राउटर जळाला, नवा बसवला, इंटरनेट सुरू झाले, आणि कचेरीतला व्यवहार मात्र बंद पडला. हिशेबनीस म्हणाले, “अहो, पिंग होतंय, पण फोल्डर उघडत नाही, म्हणजे सर्व्हरच बिघडलाय.” पलीकडच्या खोलीतला आराखडे काढणारा तरुण म्हणाला, “काका, सर्व्हर ठणठणीत आहे. तुमच्या मशीनला पिंगसुद्धा होत नाही, प्रिंट कुठून जाणार?” दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांचेही निष्कर्ष चुकीचे होते.

तपास पायरीने झाला. प्रथम पत्ते पाहिले. दोन्ही यंत्रांना नव्या राउटरने १९२.१६८.१ या गटातले पत्ते दिले होते, दोन्ही एकाच वाडीतले. तेव्हा मध्ये तिसरा कोणी नव्हता. जुन्या राउटरचा गट १९२.१६८.० असा होता, ही गोष्ट वहीत टिपून ठेवली, आणि पुढे तीच कामाला आली. मग लिनक्सच्या यंत्रावरून हिशेबाच्या संगणकाला हाक मारली. पिंग म्हणजे हीच हाक; तिला उत्तर नाही. परंतु शेजाऱ्यांच्या हार्डवेअर पत्त्यांचे जे कोष्टक प्रत्येक यंत्र स्वतःजवळ ठेवते, त्यात हिशेबाच्या संगणकाचा पत्ता ताजा नोंदलेला होता. हा पत्ता मिळवण्याची विचारणा इतकी प्राथमिक असते की फायरवॉल सहसा तिच्या आड येत नाही. म्हणजे ते यंत्र जागे होते, तारेवर होते, आपले नाव-गाव सांगत होते, फक्त पिंगला बोलायचे नाही असा त्याला हुकूम होता. पिंगला उत्तर न मिळणे म्हणजे यंत्र मेलेले असणे नव्हे, ही गोष्ट या धंद्यातल्या नवख्याला जितक्या वेळा सांगावी तितकी थोडी.

नंतर उलट दिशा. लिनक्सच्या यंत्रावर बसून त्याच यंत्राचे फोल्डर उघडून पाहिले, ते उघडले. सांबा ४४५ या दारावर सर्व बाजूंनी ऐकत बसलेली होती. कित्येकदा असे होते की सेवा फक्त घरातल्या घरात, स्वतःच्याच यंत्राशी, बोलायला बसवलेली असते, तसे इथे नव्हते. मग हिशेबाच्या संगणकावरून त्या दारावर थाप मारली. काही क्षण गेले, आणखी गेले, आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश आला. ही शांतता फार बोलकी असते. दारामागे कोणी नसते, तर यंत्राने तात्काळ नकार कळवला असता. नकार म्हणजे तांडा पोहोचला, दार सापडले, पण घेणारा नाही. उत्तरच न येणे म्हणजे वाटेत कोणीतरी कागद घेऊन फाडून टाकला आणि आणणाऱ्याला काहीच सांगितले नाही. तेव्हा लिनक्सच्या फायरवॉलची नोंदवही उघडली. अडवल्याच्या ओळीमागून ओळी होत्या. प्रत्येकीत निघाल्याचा पत्ता हिशेबाच्या संगणकाचा, गाठायचे दार ४४५. आणि नियम काय होता? ४४५ वर १९२.१६८.० या गटातून येणाऱ्यास परवानगी; बाकी सर्वांस मनाई. राउटर बदलला, मुलूख बदलला, सनद जुन्याच मुलखाच्या नावाने राहिली. पिंगला मात्र या फायरवॉलमध्ये मुळातच मोकळीक होती, म्हणून हिशेबनिसांना ते यंत्र बोलके वाटले.

नियमातला गट बदलताच फोल्डर उघडले, आणि प्रिंटर तरीही छापेना. पुष्कळ लोक इथे हताश होतात. एक कारण सापडले की दुसरे असू शकेल हे मनात येत नाही. हिशेबाच्या संगणकावर विंडोजने नवा राउटर पाहून हे जाळे नवे, अनोळखी समजले होते आणि त्याला ‘पब्लिक’ या वर्गात टाकले होते; म्हणजे रेल्वे स्टेशनवरचे वायफाय आणि आपली कचेरी त्याच्या लेखी सारखीच. त्या वर्गात बाहेरून येणारी धारिकांची व प्रिंटरची मागणी अडवली जाते, पिंगही अडते. जाळ्याचा वर्ग ‘प्रायव्हेट’ केला, आणि दोन्ही खोल्यांत कागद वाहू लागले. एका घटनेतून, राउटर जळण्यातून, दोन स्वतंत्र दरबारांत दोन स्वतंत्र मनाया लागू झाल्या होत्या; प्रत्येक दरबार आपल्या कायद्याने बरोबर होता, आणि प्रत्येकाची प्रजा दुसऱ्याला दोष देत होती.

त्या कचेरीत कोणीतरी आधीच सुचवले होते की दोन्हीकडची फायरवॉल बंद करून टाकावी. हा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि त्याने काम तत्क्षणी सुरू होते हेही खरे. मला त्याविषयी तीव्र नापसंती आहे. क्षणभर बंद करून, अडथळा फायरवॉलचाच आहे एवढे ताडून, लगेच पुन्हा चालू करणे हा तपासाचा भाग होऊ शकतो. परंतु बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करण्याची आठवण काम सुरू झाल्यावर कोणाला राहत नाही. १२ मे २०१७ रोजी सुटलेला वॉनाक्राय नावाचा वर्म याच ४४५ च्या दारातून एका यंत्रावरून शेजारच्या यंत्रावर, कचेरीच्या आतल्या आत पसरला; त्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्ये, दिलेली होती आणि असंख्य ठिकाणी ती बसवलेली नव्हती. ज्या यंत्राने शेजाऱ्यालाही परवाना विचारला ते वाचले. म्हणून नियम शोधावा, त्यातले नेमके वाक्य बदलावे, आणि बाकीचा नाका जसाच्या तसा उभा ठेवावा. कचेरीच्या आत मात्र मूकपणे कागद फाडणाऱ्या नियमांपेक्षा स्पष्ट नकार देणारे नियम लिहावेत असे माझे मत आहे. बाहेरच्या अनोळखी जगाला उत्तर न देण्यात शहाणपण आहे, पण घरच्या माणसाला ‘येऊ नको’ एवढे सांगितले, तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

१९४८ साली धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या आणि मुख्य रस्त्यातली सरहद्द पुसली गेली. त्याच वर्षी कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले, आणि देवास म्हटले की गाणे आठवावे असे दिवस आले. जकातीचे नाके मात्र विलीनीकरणाने उठले नाहीत. मध्य प्रदेशात नगरपालिकांची जकात जाऊन १९७६ मध्ये प्रवेशकर आला, आणि तोही १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात विरून गेला. याच काळात देवास कारखान्यांचे शहर झाले. १९७० नंतरच्या दशकात तिथे नोटांचा सरकारी छापखाना उभा राहिला. धार जिल्ह्यात पीथमपूरची वसाहत वाढली, आणि तिथल्या मोटारींच्या व औषधांच्या कारखान्यांसारख्या ठिकाणी आता प्रश्नाचे रूप बदलले आहे.

कारखान्यातली यंत्रे चालवणारे जे नियंत्रक असतात, त्यांच्यातले पुष्कळ अजूनही मॉडबस या १९७९ सालच्या भाषेत बोलतात, तिची जाळ्यावरची आवृत्ती ५०२ या दारावर ऐकते, आणि समोर कोण आहे हे विचारण्याची सोय त्या भाषेत मुळातच ठेवलेली नव्हती. अशा यंत्रावर सहसा स्वतःची फायरवॉल बसवता येत नाही; नाका त्याच्या पुढ्यात, वेगळ्या उपकरणावर उभारावा लागतो. तिथे विचारणारे दोन असतात: देखभाल विभागाला यंत्र रात्री-अपरात्री दुरून पाहता आले पाहिजे, संगणक विभागाला ते कोणालाच दिसू नये असे वाटते. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या नियंत्रकापर्यंत, केवळ वाचण्यासाठी की बदल करण्यासाठीही, कोणाच्या सहीने आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे रकाने असलेली एक समाईक यादी दोन्ही विभागांनी मिळून ठेवावी, राउटर किंवा पत्त्यांचा गट बदलण्याआधी ती उघडून वाचावी, आणि मुदत संपलेली परवानगी त्याच दिवशी खोडावी. ज्या कारखान्यांत ही यादी नाही तिथे ती उपकरणाच्या आत आहे असे सांगतात. पण उपकरणातल्या नियमाला तो कोणी व का लिहिला हे सांगता येत नाही, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला, की त्या नियमाला हात लावायला पुढचा माणूस धजत नाही.